पडद्यांची मापं

गिऱ्हाईक पाचला येणार असेल तर एजंट साडेचारलाच हजर, हा त्याचा सत्तावीस वर्षांचा शिरस्ता. बंद घर उघडल्या उघडल्या कोणाला दाखवू नये, असं त्याचं ठाम मत होतं. आधी सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. नळ सोडून तांबूस पाणी वाहून जाऊ द्यायचं. एकेक दिवा लावून बघायचा, गेला असेल तर पिशवीतला नवा चढवायचा. मेलेली झुरळं कागदात गुंडाळून खिशात. शेवटी ओट्यावर ओला फडका मारायचा, म्हणजे कोणीतरी आत्ताच स्वयंपाक आवरून बाहेर गेलंय असं वाटतं. धंद्यातले बाकीचे त्याला ‘अर्धा तास’ म्हणायचे आणि पाठीमागे हसायचे. हसेनात का. ते स्वतः गिऱ्हाइकाच्या मागून धापा टाकत यायचे आणि त्याच्या डोळ्यांदेखत कुलपाला पंधरा चाव्या लावून बघायचे.

दिवसभर त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असे. पाणी किती वाजता येतं, गाडी कुठे लावायची, शाळा किती लांब, वरच्या मजल्यावर कुत्रा आहे का. एवढं बोलून झालं तरी त्यात त्याचं स्वतःचं असं एक वाक्य नसायचं. संध्याकाळी तो आपल्या भाड्याच्या खोलीवर जायचा, दिवा लावायचा, खानावळीचा डबा उघडायचा, आणि सकाळपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. ती गेली त्याच्या चौथ्या दिवशी त्याने एक घर दाखवलं होतं, कारण मंडळी परगावाहून आली होती आणि त्यांची परतीची तिकिटं काढलेली होती. घर त्यांना आवडलं. तुमच्याकडे सगळं ठीक ना, असं कोणी विचारलं नाही, आणि विचारावं अशी काही त्याची अपेक्षाही नव्हती.

तर हे तिसऱ्या मजल्यावरचं घर त्याच्याकडे आलं ते एका दातांच्या डॉक्टरांकडून. डॉक्टर म्हातारे झाले होते, दवाखाना बंद करून बायकोसह दुसऱ्या शहरात मुलाकडे गेले होते. हे घर विकलं गेलं की मुलाच्या शेजारीच लहानसं घर घ्यायचं, असा त्यांचा बेत. चाव्या देताना त्यांनी बजावलं, “घर विकायचंय हे शेजारी कळू देऊ नका. त्या समोरच्या ऑपरेटरबाईंना तर मुळीच नाही. त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या बाथरूमच्या भिंतीत मुरतं. त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. गिऱ्हाइकाला भिंतीपाशी नेऊन ओल दाखवतील.”

यात नवीन काही नव्हतं. विक्रीची बातमी शेजारी फुटली की कोणाचा तरी मेहुणा निम्म्या भावात मागायला येतो, हे एजंटला पाठ होतं. त्याने मान हलवली आणि चाव्या खिशात टाकल्या.

पहिल्याच दिवशी तो कुलूप काढत असताना समोरचं दार उघडंच होतं. दारात खुर्ची टाकून सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. गुडघे कामातून गेले होते, जिन्याला लिफ्ट नव्हती, त्यामुळे दोन वर्षांत त्या खाली उतरल्या नव्हत्या. भाजी, औषधं, दूध, सगळं खिडकीतून दोरीला पिशवी बांधून वर ओढायच्या.

“तुम्हीच घेतलंत वाटतं घर?” बाईंनी विचारलं.

आणि एजंटची मान हलली. धंद्यात मान आपोआप हलते. समोरचा काहीही म्हणाला तरी आधी होकारार्थी मान हलवायची, मग विचार करायचा, ही सवयच लागलेली असते. शिवाय डॉक्टरांची ताकीद होतीच.

“एकटेच राहणार?”

“नाही, बायको येईल ना,” तो म्हणाला.

हे वाक्य कुठून आलं ते त्याचं त्याला कळलं नाही. आत जाऊन त्याने खिडक्या उघडल्या, नळ सोडले, आणि पाणी स्वच्छ झालं तरी तो बराच वेळ नळापाशी तसाच उभा राहिला.

दुपारी दोन घरांच्या मधल्या वेळात डबा खायला त्याला कुठेतरी बसावं लागे. कधी बागेतलं बाक, कधी एखादी पायरी. आता तो या घरात येऊ लागला. रिकाम्या घरात डबा खाणं हे धंद्याच्या रीतीला धरून नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण दार उघडं ठेवून जेवायला बसलं की समोरून बाईंचा आवाज यायचा. “काय शेजारी, आज उशीर झाला?” उशीर झाला असं त्याला म्हणणारं गेल्या तीन वर्षांत कोणी नव्हतं. चहा बाई करायच्या, कप त्याने जाऊन आणायचे, आणि जिन्यावरच्या चार फुटांच्या जागेच्या अलीकडे तो आणि पलीकडे त्या, असं दोन दारांत बसून बोलणं चालायचं.

बोलणं फिरून फिरून त्याच्या बायकोवर यायचं. बाईंना तिच्याबद्दल फार उत्सुकता. ती कधी येणार म्हटलं की तो सांगे, तिकडची आवराआवर चाललीय, झाली की सामानासकट येईल. दोन वर्षं ज्या बाईने जिना उतरलेला नाही, तिला समोर गप्पा मारायला एक बाई राहायला येतेय याचं काय वाटेल ते वेगळं सांगायला नको. एजंटही सांगत सुटला. ती घर बघायला आली की आधी स्वयंपाकघरात जाते. ओट्यासमोर खिडकी नसेल तर बाकीचं घर बघतच नाही. वर्तमानपत्राची घडी आपण मोडायची नाही, पहिल्यांदा तिनेच मोडायची. रागावली की भांडत नाही, नुसती कपाट आवरायला घेते. तो सांगे तेव्हा सगळं ‘आहे’ आणि ‘करते’ असंच येई. खोटं असं त्यात एवढंच होतं. बाकी अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि इतकं खरं तो बऱ्याच वर्षांत कोणाशी बोलला नव्हता.

“हिला कधी स्वतःचं घर मिळालं नाही हो,” एकदा तो बोलून गेला. “मी म्हणायचो, थांब, याहून चांगलं येईल. असं करत करत राहिलंच.”

“आता मिळालं ना,” बाई म्हणाल्या. “आणि ओट्यासमोर खिडकीसुद्धा आहे.”

त्याने कप उचलला. चहा केव्हाच संपला होता.

दोन महिन्यांत दोन गिऱ्हाइकं आली. बाईंना त्याने सांगितलं, नातेवाईक आहेत, घर बघायला आलेत. आणि गिऱ्हाइकांना त्याने काय सांगितलं, तर खरं ते सांगितलं. तीन मजले, लिफ्ट नाही, म्हातारपणी काय कराल? दुपारी बैठकीत ऊन येतं, पंखा पुरत नाही. बाथरूमच्या भिंतीला ओल आहे, हात लावून बघा. या धंद्यात गिऱ्हाईक पळवून लावायचं असेल तर खोटं बोलावं लागत नाही. दोन्ही मंडळी त्याचा प्रामाणिकपणा वाखाणत जिना उतरून गेली. पुढे तर त्याने या घराकडे कोणाला आणायचंच टाळलं. विचारणा झाली की म्हणायचा, मालक बाहेरगावी आहेत, बघतो. असे आठ महिने गेले.

मग डॉक्टरांचा फोन आला. ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं.

“तुमच्यावर भरवसा आहे म्हणून दुसऱ्या कोणाकडे गेलो नाही,” ते म्हणाले. “पण जरा मनावर घ्या. आमची ही आठ महिने मुलाच्या बैठकीतल्या सोफ्यावर झोपतेय. घरात पाहुणे बसलेले असले की ते उठेपर्यंत तिला आडवं होता येत नाही. कंबर धरून स्वयंपाकघरात उभी असते. काही बोलत नाही ती. मला दिसतं.”

“बघतो,” एजंट म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. कोणाची तरी बायको कंबर धरून उभी होती ती आपल्या दुपारच्या चहापायी, हे त्याला आता स्वतःपासूनही लपवता येईना. त्याच संध्याकाळी त्याने एका जोडप्याला फोन लावला. दोघं शाळेत शिक्षक, घर शोधून मेटाकुटीला आलेले. गुरुवारी अकराला या, तो म्हणाला. त्याआधी बाईंना सगळं सांगून टाकायचं असंही त्याने ठरवलं. सोमवारी ठरवलं, मंगळवारी ठरवलं, आणि बुधवारी बाईंनीच त्याला बोलू दिलं नाही.

“पडदे तयार झालेत,” त्या म्हणाल्या.

पडद्यांचं प्रकरण असं होतं की महिन्याभरापूर्वी बाईंनी त्याच्याकडे खिडक्यांची मापं मागितली होती. येणाऱ्या शेजारणीला रिकाम्या हाताने कसं भेटायचं, म्हणून त्या पडदे शिवणार होत्या. टेप तर त्याच्या खिशात कायमच असायचा. नको म्हणायचं सोडून त्याने सवयीने मापं घेतली आणि इंच न् इंच अचूक सांगितली. रंग कोणता, असं त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, शेवाळी, आणि फुलं नकोत. तिला खिडकीवर फुलं आवडत नाहीत.

“उद्या सकाळी लावू,” बाई म्हणाल्या. “मी येऊन बसते तिकडे. तेवढं चालवेल मला.”

गुरुवारी तो साडेदहाच्याऐवजी साडेनऊलाच गेला. अकराच्या आत पडदे लावायचे, बाईंना समोर बसवून सगळं सांगायचं, त्यांना घरी पोचवायचं, मग गिऱ्हाईक. त्याने बाईंना हात धरून आणलं, बैठकीच्या मधोमध खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर चढला. बाई खुर्चीतून हुकूम सोडत होत्या. डावीकडे जरा वर. तिसरी कडी राहिली. पडदे खरंच सुरेख झाले होते. शिवण हाताला लागत नव्हती. खिडकीतून येणारा उजेड हिरवट, मऊ झाला आणि त्या रिकाम्या खोलीत कोणीतरी राहतंय असं वाटू लागलं. इतकी वर्षं तो ओल्या फडक्याने जे करू पाहत होता ते या दोन पडद्यांनी करून टाकलं होतं.

“ताई,” तो स्टुलावरूनच म्हणाला, “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

तेवढ्यात दारातून आवाज आला. “आम्ही जरा लवकरच आलो. अर्धा तास. चालेल ना? हेच ना ते विकायचं घर?”

जन्मभर जो गिऱ्हाइकाआधी अर्धा तास पोचला, त्याच्या नशिबी अर्धा तास आधी येणारं गिऱ्हाईक लिहिलेलं असावं, याला काय म्हणावं. शिक्षक नवरा-बायको दारात उभे होते. एजंट स्टुलावर, हातात कडी. बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याला खाली उतरायचं सुचलं नाही.

“तुम्ही शेजारच्या का?” शिक्षिकेने बाईंना विचारलं. “कसं आहे हो घर? खरं सांगा, हे एजंट लोक काही सांगत नाहीत.”

एकतीस वर्षं ज्यांनी अनोळखी माणसांच्या वाईट बातम्या कानांवरून जाऊ दिल्या, त्यांचा आवाज अशा वेळी हलत नाही.

“घर चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “हवा आहे, उजेड आहे. स्वयंपाकघराची खिडकी बघा, ओट्यासमोर आहे. बाथरूमच्या भिंतीला ओल येते, ती माझ्या मोरीमुळे. मी दुरुस्त करून घेईन. आधीच्यांनी नीट सांगितलं असतं तर तेव्हाच केली असती.” मग त्या खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. एजंट धावला, पण त्यांनी त्याचा हात घेतला नाही. भिंतीला धरत त्या आपल्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. ते दार बंद झालेलं त्याने आठ महिन्यांत प्रथमच पाहिलं.

घर त्या दोघांना पसंत पडलं. त्याने डॉक्टरांना तिथूनच फोन लावून दिला आणि बोलणं पक्कं झालं. पलीकडून डॉक्टरांनी बायकोला हाक मारलेली त्याला ऐकू आली.

“पडदे राहतील ना?” शिक्षिकेने निघताना विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “ते या घराचे नाहीत.”

ते गेल्यावर त्याने पडदे उतरवले, घडी घातली आणि समोरचं दार वाजवलं. दार बऱ्याच वेळाने उघडलं. बाईंनी त्याला आत बोलावलं नाही, पण पाठ फिरवून त्या आत गेल्या आणि दार उघडं राहिलं. तो मागोमाग गेला.

“म्हणजे तुम्ही एजंट,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आणि घर विकायला होतं.”

“हो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोणाला...”

“डॉक्टरांचं राहू द्या. बाई कुठे आहेत तुमच्या?”

हातातली घडी त्याने या हातातून त्या हातात घेतली. “ती गेली,” तो म्हणाला. “तीन वर्षं झाली.”

बाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, “तुम्हाला ती जाऊन तीन वर्षं झाली. माझ्यासाठी ती आज सकाळपर्यंत येणार होती.”

क्षमा मागायला त्याने तोंड उघडलं, पण बाईंचे डोळे भरून आलेले पाहिले आणि ते मिटलं. त्याच्या बायकोसाठी कोणी रडतंय हे तो पहिल्यांदाच बघत होता. त्या वेळी जे चारदोन लोक आले होते ते त्याचा हात दाबून, घड्याळ बघून गेले होते. तो स्वतः चौथ्या दिवशी कामाला लागला होता. आता या बाई, ज्यांनी तिला कधी पाहिलंही नव्हतं, पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, आणि तो तिथे पडद्यांची घडी छातीशी धरून उभा होता.

फोनशेजारी एक वही होती. ऑपरेटरची सवय, सगळं लिहून ठेवायची. बाईंनी ती ओढून घेतली. “यादी केली होती मी,” त्या म्हणाल्या. “त्यांना काय काय विचारायचं त्याची. एकदा बोलायला लागलं की राहून जातं.” त्यांनी चष्मा लावला. वाटलं, पान फाडून टाकतील. पण त्यांनी वाचायला सुरुवात केली. “दुपारी झोपायची सवय आहे का?”

“नाही,” तो म्हणाला. “दुपारी रेडिओ लावून निवडत-टिपत बसायची.”

“शिवणाची आवड?”

“बटणं लावायची फक्त. तीही कुरकुरत.”

“हे घरीसुद्धा इतकं बोलतात का?”

“नाही,” तो म्हणाला. “घरी आलो की मी गप्प असायचो. दिवसभर बोलून कंटाळा यायचा. तीच बोलायची.”

बाईंनी ते लिहून घेतलं. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वही मिटून त्यांनी त्याच्या हातातल्या पडद्यांकडे पाहिलं.

“ते मला नकोत,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या नावाने शिवलेत. तुमच्या खोलीला लावा.”

“ते तिथे बसणार नाहीत. ही मापं या घराची आहेत.”

“मग तुमच्या खिडकीचं माप सांगा. कापून देते.”

शहरातल्या कुठल्याही घराची खिडकी विचारा, तो डोळे मिटून सांगायचा. स्वतःच्या खिडकीचं माप त्याला येत नव्हतं. बाईंनी एका चिठ्ठीवर आपला नंबर लिहून दिला. “घरी जाऊन मोजा,” त्या म्हणाल्या. “फोन करा.”

त्या दिवशी तो पहिल्यांदाच उन्हं असताना खोलीवर गेला. खिडकी होती, पण तिच्यापुढे बायकोचं लाकडी कपाट होतं. ती गेल्यावर तो इथे राहायला आला तेव्हा दुसरी भिंत रिकामी नव्हती म्हणून हमालांनी ते तिथे टेकवलं, आणि तेव्हापासून ते हललं नव्हतं. लोकांची घरं अर्धा तास आधी जाऊन उघडणारा हा माणूस तीन वर्षं न उघडलेल्या खिडकीच्या खोलीत झोपत होता. कपाट भरलेलं, त्याच्या एकट्याने ढकलेना. म्हणून त्याने ते उघडलं. एकेक घडी काढून पलंगावर ठेवली. स्वेटर, शाली, जुन्या पर्स, वर्तमानपत्रांतून कापलेल्या घरांच्या जाहिरातींचा एक गठ्ठा, त्यातल्या दोन-तीनवर नकाशातल्या स्वयंपाकघराभोवती पेनाने गोल काढलेला. तो गठ्ठा त्याने पलंगावर ठेवला नाही, उशीखाली ठेवला. मग खांदा लावून कपाट सरकवलं आणि खिडकी उघडली. कडी गंजली होती, तिला हातोडीने ठोकावं लागलं.

त्याने दोनदा मोजलं आणि फोन लावला.

“बोला,” बाई म्हणाल्या.

“रुंदी साडेतीन फूट. उंची चार फूट, वर दोन इंच.”

“साडेतीन. चार, दोन इंच.” पेनाचा आवाज आला. “काय दिसतं खिडकीतून?”

गिऱ्हाईक असतं तर तो म्हणाला असता, शांतता आहे, समोरून कोणी बघत नाही. “भिंत आहे ताई,” तो म्हणाला. “शेजारच्या इमारतीची. दुसरं काही नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “शनिवारी येऊन घेऊन जा.”

आता बोलायचं काही उरलं नव्हतं. पलंगावर तिचे कपडे पसरले होते, त्यामुळे तिथे बसायला जागा नव्हती. तो खिडकीखाली जमिनीवर बसला आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडेही रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला नाही. बाईंच्या घरातलं घड्याळ त्याला ऐकू येत होतं. त्यांना काय ऐकू येत होतं, कोण जाणे.